देवाचा दवणा

ओसोयूस, गणेश चतुर्थी, संध्याकाळ

लेकीला, ईराला दम्याचा पंप दिलाय, पण तिच्या छातीतली शिट्टी थांबत नाही. थोड्या वेळात उतार पडला नाही तर इमर्जन्सीला न्यायचं.

चूक माझीच. सकाळी मी आणि आई पत्री शोधायला मागच्या टेकडीवर गेलो. या वाळवंटात कसली पत्री! पण सेजब्रश या इथल्या रानझुडपाचं पान चुरगळून आई हरखलीच, "अगं, हा तर आपला दवणा! जोतिबाचा!" इथे परदेशात माझ्याकडे आल्यापासून ती पहिल्यांदा अशी हसली. याच दिवसांत त्याला फुलोरा येतो, ईराला त्याच्या परागांपासूनच जपायचंय, हे मला ठाऊक नव्हतं का? तरी डहाळ्या घरात येऊ दिल्या. आईला नाही म्हणवेना.

आरतीत ईरा म्हणाली, "ममा, माय चेस्ट इज टाइट." मखरातला सगळा दवणा मी दोन्ही हातांनी उचलून बाहेर फेकला. आई अजून पुटपुटतेय, "देवाचा दवणा कसा बाधेल?"

खिडक्या बंद आहेत, हवेचा फिल्टर चालू आहे, तरी वास जात नाही. मघापासून ईराच्या छातीवरून हात फिरवत बसलेय.

आत्ता डोळे पुसायला हात वर नेला. वास हातालाच आहे.