कापणीसाठी राखलेला डबा

बाबूजी, काल दवाखान्याच्या खिडकीतल्या मुलीनं सांगितलं, गोळ्या संपल्या, सोमवारी या. साधी गोष्ट, पण घर येईपर्यंत मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलत होतो. दुसऱ्या महायुद्धाचे ते दिवस. तुम्ही गावच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर, तुमचा मुलगा मी तिथल्याच शाळेत नवा मास्तर. डॉक्टरसाहेब कधीमधी येऊन सह्या करून जात, बाकी सारा भार तुमच्यावर. आदल्या साली हिवतापावरचं कोयनेल दिवाळीच्या आतच संपलं होतं. समुद्रापलीकडून येणारा माल लढाईनं बंद केला होता. माणसं घोंगडी पांघरून कुडकुडत यायची, तुम्ही रिकामी बरणी दाखवायचात. मग हळूहळू त्यांनी येणंच सोडलं.

उन्हाळ्यात पुढच्या सालची मागणी जिल्ह्याच्या कचेरीत पाठवायची होती. तुमचा हात कापायला लागला होता, म्हणून अक्षर माझं. मी आपला धानाच्या बांध्यांतलं हिरवं पाणी, वाऱ्यावर डोलणाऱ्या लोंब्या, तापानं कोमेजलेली गावं, असं रंगवत सुटलो. माझ्या डोक्यात तेव्हा शाळेतल्या कवितांशिवाय दुसरं काही नसायचंच. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "कविता कायले लिहून राहिला, मास्तर? औषध नव्हतं म्हणून लोकं आले नाहीत, येवढंच लिही." तेवढंच लिहिलं, आणि दुप्पट मागितलं. उत्तर आलं, की गतसाली खर्च कमी दिसतो, सबब मागणी निम्मीच मंजूर. कचेरीला दिसलं ते फक्त खर्च झालेलं औषध. हात हलवत परत गेलेली माणसं तिथं कुणाला दिसायची?

सौंदडच्या ठेसनावर उतरलेली पेटी आपण बैलगाडीतून आणली.  दवाखान्यात आल्यावर तुम्ही मालाचे दोन वाटे केलेत: एक रोवणीनंतरच्या तापाला, आणि एक डबा कापणीसाठी कपाटात कुलूपबंद. कापणीत माणूस आडवा झाला तर धान बांधीतच झडून जातं आणि घर वर्षभर उपाशी राहतं, हे तुम्ही मला समजावलंत. अर्धवट औषधानं ताप दबतो आणि पुन्हा उठतो, म्हणून ज्याला सुरू केलं त्याला पुरतं द्यायचं, आणि जेवढ्यांना पुरतं देता येईल तेवढेच नवे रोगी दर आठवड्याला घ्यायचे. बाकीच्यांनी पुढच्या आठवडी बाजाराला यायचं. लोक चिडायचे. एक म्हातारी ओट्यावरून उठता उठता म्हणाली, "बरं, सांगतो तापाले, आता जाय, बाजाराच्या दिवशी येजो." सगळे हसले. तुम्हीही जरासे हसलात, पण तिला औषध दिलं नाहीत.

आणि भाद्रपदात तुमच्या सुनेला, माझ्या बायकोला, ताप भरला. मी शाळा तशीच सोडून दवाखान्यात धावत येतो. ओटा माणसांनी भरलेला आहे, त्या आठवड्याचे नवे रोगी घेऊन झाले आहेत. मी तुमच्या कानाशी लागून कपाटातल्या डब्याचं नाव काढतो. तुम्ही मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलता.

"सून माही हाय, मले नाही समजत का? पण आज तिच्यासाठी खोललं त उद्या कोनाले नाही म्हणू?"

"तिले काही झालं त, बाबूजी?"

तुम्ही पुढच्या माणसाची बाटली घेऊन औषध ओतू लागता, आणि मापाचा ग्लास बाटलीच्या तोंडावर खडखड वाजत राहतो.

बाजाराच्या दिवसापर्यंत मी तिच्या उशाशी बसून होतो. मन दुसरीकडे न्यावं म्हणून पोरांना शिकवलेल्या कविता पुटपुटायचो, पण दिंडी वृत्ताची चाल धरली की तिचे दात वाजायला लागायचे आणि चाल मोडायची. तुम्ही संध्याकाळी दारातूनच विचारायचात, उतरला का. आत पाऊल टाकत नव्हतात. बाजाराच्या दिवशी तिला बैलगाडीत निजवून नेलं, ओळीत बसवलं, तिची पाळी आल्यावर तुम्ही स्वतःच्या हातानं औषध पाजलंत. ती वाचली. कार्तिकात तुम्ही डबा उघडलात. कितीतरी घरचं धान त्या डब्यानं कापून घरात आणलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तुमची सून आता आत तांदूळ निवडत बसली आहे. नातवंडांना ही गोष्ट ती फार अभिमानानं सांगते. बाबूजींनी बरोबर केलं, म्हणते, आणि मग माझ्याकडे पाहते. मी होकारार्थी मान डोलावतो. हे पत्र तिला वाचून दाखवणार नाही, आणि तुम्ही तर कधीच गेलात, तुमच्यापर्यंत ते पोचायचंच नाही, म्हणून लिहायला धीर होतो आहे. बाबूजी, मला ते अजून पटलेलं नाही. विळा घेऊन कापणीला गेलेली ती सगळी माणसं आठवूनही नाही. किल्ली माझ्याजवळ असती, तर मी त्याच दिवशी डबा उघडला असता.