शिनाँचा वास

अयोध्या नगर, भोपाळ
१८ फेब्रुवारी

ती. बाबा,

साताऱ्यात थंडी ओसरली असेल. गुडघा कसा आहे? चार वर्षांनी पत्र आलेलं पाहून तुम्ही ते फोडाल की नाही, कोण जाणे. फोन लावला होता, पण तुम्ही 'हॅलो' म्हणालात आणि माझा आवाजच फुटेना.

हॉटेलातली नोकरी चालू आहे. "भोपाळात पिपलानीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं घासलो, ती मुलीनं दारू वाढावी म्हणून नाही," असं तुम्ही म्हणाला होतात. पण बाबा, माझं खरं काम वास घेण्याचं. फ्रान्समध्ये लुआर नदीच्या खोऱ्यात शिनाँ नावाचं गाव आहे, तिथली तांबडी वाईन मला सगळ्यांत आवडते. जरा गार करून द्यायची. तिला रासबेरीचा, नुकत्या तासलेल्या पेन्सिलीचा आणि चक्क ढोबळी मिरचीचा वास येतो. तिकडे ती शेळीच्या दुधाच्या चीजबरोबर किंवा भाजलेल्या मटणाबरोबर घेतात. मी आपली दाण्याचं कूट घातलेली भरली ढोबळी मिरची सुचवली. शेफ हसला, पाहुण्यांनी मात्र दोनदा मागून घेतली.

दोन तारखेच्या जेवणाला तीच बाटली उघडली आणि वासच येईना. सर्दी असेल म्हणून पाठ असलेलं सगळं बोलून गेले, रासबेरी, पेन्सिल. एका वयस्कर बाईंनी पेला खाली ठेवला. "बेटी, इसमें तो सीली बोरी की बू है." बूच खराब होऊन वाईनला दमट गोणपाटाचा वास लागला होता. मी ती वाईन हुंगून, हसून वाढली होती.

पुढचं लिहायला हात धजत नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी मी दूध तापत ठेवलं आणि ओट्याशेजारीच वाचत बसले. दूध कधी उतू गेलं, ज्योत कधी विझली, कळलंच नाही. सासूबाई देवळातून आल्या आणि दारातूनच किंचाळल्या, "गॅस!" या गावात त्यांच्या वयाच्या माणसाला त्या शब्दानं काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. त्यांनी बटण बंद केलं, मला ओढत अंगणात नेलं. मग म्हणाल्या, "मीच दूध ठेवून गेले का गं?"

मी म्हणाले, "असेल, आई."

खरं सांगितलं असतं तर नाकाचं कळलं असतं, नोकरी गेली असती. तेव्हापासून त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. परीक्षित आपल्या आईला विसरभोळेपणाच्या डॉक्टरांकडे नेणार आहे.

साकेत नगरच्या इस्पितळात मी एकटीच जाऊन आले. डोळ्यांच्या मागे, मेंदूला लागून आवळ्याएवढी गाठ आहे. ती वासाच्या नसेवर दाब देते. सव्वीस तारखेला ऑपरेशन. गाठ बहुधा साधी असावी, म्हणतात. वास परत येईल असं मात्र कुणी म्हणत नाही. परीक्षितला मी 'सर्दी' सांगितलंय. काल तळहातावर हिंग चोळून किती वेळ नाकाशी धरला. काही नाही. भिंत हुंगल्यासारखं.

इथवर लिहिलं आणि मला बसवेना. उठून आईंच्या खोलीत गेले, सगळं सांगितलं. दुधाचं आधी, गाठीचं नंतर.

"आठ दिवस देवाला विचारतेय, माझं डोकं का काढून घेतोस म्हणून," म्हणाल्या. रागानं त्यांचा आवाज चिरकला. मी पाया पडायला वाकले, तर माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि सोडेचनात. मग विचारलं, "वडलांना कळवलंस?"

परीक्षित सहाला येईल. त्यालाही आजच सांगणार आहे.

बाबा, नोकरीवरून तुम्हाला जे बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन. पण पंचवीसपर्यंत या. मला फार भीती वाटते. गुंगी देतील तेव्हा बाहेर तुम्ही आहात, एवढं मला माहीत हवंय.

वाट पाहणारी, तुमचीच
योगिनी