कोंबडीशिवाय केलेलं मोलो

मोलो, इलोइलो
१४ नोव्हेंबर १९८४

लाडकी एस्टेर,

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. हाँगकाँगची मालकीण तुला वेळेवर जेवू देते आणि थंडीत तू अंगभर कपडे घालतेस, असं धरून चालले आहे.

इथं छपराची गळती एकदाची थांबली. टिया चोलेंग मावशीच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय, जिभेने मात्र नाही.

गेल्या आठवड्यात घरी आपलं मोलोचं, भरलेल्या पुरचुंड्यांचं सूप केलं. भलं मोठं पातेलं, कारण माणसं साठ तरी होती. पाऱ्या मी एकटीने लाटल्या, खाली वर्तमानपत्र ठेवलं तर वाचता येईल इतक्या पातळ. डुकराचा खिमा, कोळंबी, हात सैल सोडून लसूण. टिया भरायला बसली. म्हणाली, "क्लारिता, तुझी घडी म्हणजे ननची टोपी गं, आणि माझी दारुड्याची!" मला हसू आलं, आणि मग हसल्याची लाज वाटली.

रश्श्यासाठी मी सवयीने कोंबडी कापायला घेतली. टिया केवढ्याने ओरडली! "ठेव ती खाली! मयताच्या घरात कोंबडी शिजवतेस? पाठोपाठ आणखी कुणाला न्यायचंय का?" मग हाडं आणि कोळंबीची डोकी उकळून रस्सा केला.

लिहून गेले बघ. याआधी इथपर्यंत येऊन दोन कागद फाडले. एस्टेर, आपली आई गेली. तीन तारखेला, भर दुपारी. पुरलं सात तारखेला. परवा नऊ दिवसांची प्रार्थनाही संपली.

तुला का कळवलं नाही, ते सांगते. लोकांना म्हणते, पोरीच्या कराराचे दोनच महिने उरले होते, अर्ध्यावर सोडून आली असती तर नोकरी गेली असती. लोक माना डोलावतात. ते खोटं आहे.

ऑक्टोबरच्या शेवटी आईच म्हणाली होती, "एस्टेरला तार कर. मला तिला बघायचंय." मी तार ऑफिसात गेले. रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या माणसाने "बोला बाई" म्हटलं आणि मी तशीच मागे फिरले. घरी येऊन सांगितलं, "केली."

अकरा वर्षं तिचं अंथरूण, तिची औषधं, तिची चिडचिड मी काढली. तू दर दोन वर्षांनी यायचीस, तर ही बाई कण्हत कण्हत उठून पाऱ्या लाटायला बसायची. माझ्या एकाही वाढदिवसाला बसली नाही. वाटलं, शेवटचे चार दिवस तरी ती माझी असू दे. तुझा मत्सर वाटला मला. सख्ख्या बहिणीचा.

पण ती माझी झालीच नाही गं. पाच दिवस दाराकडे तोंड करून पडून राहिली. कूस बदलू देईना. "मनिलाची बोट लागली का?" दर तासाला तेच. मी म्हणायचे, "वाटेत आहे, आई." एकदा धीर करून खरं सांगायला तिच्याजवळ बसलेही. तिने विचारलं, "ती आली की तिला भूक लागलेली असेल, काही करून ठेवलंस का?" मी उठून चुलीपाशी गेले.

त्या दुपारी तिला नीट दिसेनासं झालं होतं. मी खोलीत पाऊल टाकलं तर म्हणाली, "एस्टेर? आलीस?"

मी म्हटलं, "हो आई, आले."

तिने मला खाली ओढलं. माझ्या गालाला नाक लावून, खोल श्वास ओढून मुका घेतला, तुझा लहानपणी घ्यायची तसा. "किती दमलीस गं पोरी," म्हणाली. थोड्या वेळात तिचा हात सैल पडला.

ती समाधानाने गेली असं सगळे म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण तो मुका तुझा होता, एस्टेर. जन्मभर ज्याची वाट पाहिली तो मला मिळाला, आणि तोही तुझ्या नावाचा. तो तुला परत कसा देऊ, मला कळत नाही.

चाळिसावा दिवस बारा डिसेंबरला आहे. आलीस तर माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस. पण ये.

शेवटच्या क्षणी आईसाठी एस्टेर झालेली,
क्लारिता