हातातला गूळ

अप्पा, लिवन्यात चुका व्हतील, माफ करा. शाळा कानडीत झाली, ती बी नववीत सुटली, आन मराठी टाईप करायला माझं एकच बोट चालतंय. लई येळ लागायलाय.

काकाची पोरगी, आमची अक्का, बिदरला कॉलेजात मानसशास्त्र शिकायल्याय. सुट्टीला आली की मी साड्यांना फॉल लावत बसते आन ती मोठ्यानं वाचते. त्या दिशी मनली, मानसाची आठवन फोटोसारखी नसती. दर बारी भाईर काडली की मन ती नव्यानं शिवतंय, फाटलंय तिथं आपलंच ठिगळ लावतंय. मोठ्या मानसांना लहानपनी बाजारात हरवल्याची खोटीच गोष्ट सांगितली, तर काहींना ती खरंच आठवाया लागली मने.

"तुझी सगळ्यात जुनी आठवन सांग. प्रॅक्टिकलला पायजे."

मी कुनाला सांगत न्हाई, पन तिला सांगितली. तुमची माझ्याकडं तेवडीच हाय. तुमी भाईरच्या खोलीत भिंतीला टेकून मांडी घालून बसलाव. कपाळभर इभूती, नवं धोतर, गळ्यात झेंडूची माळ. लोक भजन करायलेत. मी तुमच्या हातात गुळाचा खडा ठिवते आन तुमी माझ्याकडं बगून हसताव.

"कोनता सन व्हता?"

"माहीत न्हाई."

"मंग तपासू. एकेकाला येगळं इचारायचं. आन इचारताना आपन उत्तर पुरवायचं न्हाई, येडे, ध्यानात ठेव."

काकाला इचारलं, अप्पाच्या गळ्यात माळ कवा व्हती? तो हसला. "माळ? लग्नात बी काडून फेकली तुझ्या अप्पानं. मनला, मी काय पोळ्याचा बैल हाय का?" मंग एकदम चप्पल घातली आन शेतात बोर पाडायची जागा बगायला गेला.

आई भाकरी थापायली व्हती. तिला बी तसंच इचारलं. तिचा हात परातीतच थांबला.

"तू बगितलंस? तुला तर शेजारी नेऊन ठिवलं व्हतं की ग."

"कामून?"

"आपल्यात मातीला न्यायच्या आदी बसवतात, बाई. शिंगारून."

तव्यावरची भाकर जळायली, कुनी उलटली न्हाई. मी मनलं, मी गूळ दिला त्यायला.

"तू व्हय?" आई मनली. "मी सगळ्याला इचारलं, हातात गूळ कुनी ठिवला मनून. कुनीच बोललं न्हाई. तसाच गेला त्यायच्या संगं."

अक्कानं पुस्तक मिटलं. "गूळ खरा हाय," मनली. "काकूनं बगितलाय." पुडचं मलाच कळलं. हसनं मी शिवलंय.

इतकी वर्सं कुनी इचारलं, तुझा अप्पा कसा व्हता, तर मी मनायची, हसरा. आता बगते तर जितेपनीचं तुमचं माझ्याकडं कायच न्हाई. आवाज न्हाई, चाल न्हाई, एक शिवी सुदीक न्हाई.

हे पाठवू कुटं? तुमचा नंबर आता दुसऱ्याच कुनाचा हाय, फोटोत ट्रॅक्टर दिसतंय. अक्कानं तिच्या कागदावरचं 'हसले' खोडलं. मी न्हाई खोडलं. आज सकाळी बी डोळे मिटून बगितलं, तुमी हसलाव.

आत्ता काकाचा फोन आला, वरडायलाय नुसता. बोरला पानी लागलं.