सात एकर स्वच्छ शेत

२ मे १९४४
लिहायला बसण्याचं कारण एकच. काल विट्याच्या बाजारात कोंडीबा चारचौघांत म्हणाला, "बाई लय शिकल्यात, पर मातीतलं त्यास्नी काय कळंना." आमचं शेत आजवर तो वाट्याने करी. त्याचं स्वतःचं शेत आमच्या खालच्या अंगाला. चूक कोणाची, हे पुढे लेखी असावं. दुसऱ्या कोणी ही वही वाचायची नाही.

वस्तुस्थिती अशी. वडिलांचे सात एकर. मी मुलींच्या शाळेतून निवृत्त. धाकट्या भावाने, चिंतामणने, सांगलीहून कळवलं आहे: "अक्का, खरीप आणि रब्बी, दोन हंगाम करून बघ. नाही जमलं तर शेत कोंडीबाकडे, आणि तू आमच्याकडे." आमच्याकडे म्हणजे मागची खोली, जिथे त्याची बायको अनसूया पापडांचे डबे ठेवते. बोलावलं की जेवायला जायचं. अठ्ठावीस वर्षं शाळेची घंटा माझ्या हुकमाने वाजली. दुसऱ्याच्या घंटेवर मी जेवणार नाही.

९ मे
कोंडीबा मेंढरं घेऊन हजर. दर उन्हाळ्यात दहा दिवस कळप आमच्या वावरात बसतो, असा म्हणे रिवाज. दोनशे मेंढरं घाण करणार आणि वर धनगराला आपणच धान्य द्यायचं! नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "आवं बाई, ते वावराचं जेवान हाय." म्हटलं, वावर काय पंगतीला बसलंय? त्याची बायको धोंडुबाई तोंडाला पदर लावून हसली. माझ्या विनोदालाच हसली असणार.
कळप खालच्या शेतात बसला. वास येतो.

२० मे
स्वच्छतेचा कार्यक्रम पूर्ण. बांधावरची हरळी मुळासकट काढली. बाभळी, बोरी तोडल्या. धसकटं आणि पाचोळा गोळा करून जाळला. शेत धुतलेल्या पाटीसारखं दिसतं. कोंडीबा बराच वेळ बघत उभा होता. "न्हाव्यानं डोकं भादरावं तसं केलंसा," म्हणाला.
स्तुती कशी करावी हेही या लोकांना शिकवलेलं नाही.

२ जुलै
पेरणी. पाभर कोंडीबाची, बी सोडायला धोंडुबाई. इथे बाजरीतच मटकी, तूर, हुलगा पेरतात. एका वर्गात चार इयत्ता! माझ्याकडे फक्त बाजरी. सरळ ओळी.

६ ऑगस्ट
ओळींत मटकी उगवली आहे. धोंडुबाईने बियाण्यात गुपचूप मिसळली. जाब विचारला तर म्हणते, "येकलं पीक उदास व्हतं, बाई."
एक रोप उपटलं. मुळांवर बारीक गाठी. रोग! १९१२ साली कॉलेजात गाठीच्या रोगाची आकृती मी काढली होती. प्रोफेसरांनी ती वर्गात फिरवली होती.

७ ऑगस्ट
चार बायका लावून सगळी मटकी उपटली, जाळली. कोंडीबा धावत आला. "गाठी धरत्यात म्हणून तर लावायची! त्या गाठींवर शेजारची बाजरी पोसती." रोगावर पीक पोसतं म्हणे. काय बोलावं?
एक गाठ नखाने फोडली होती. आतून गुलाबी. माझ्या आकृतीत गुलाबी रंग होता का? आठवत नाही. रोग फार बळावला असावा.

१ सप्टेंबर
बाजरी पिवळी. गुडघ्याएवढी. खाली कोंडीबाची छातीएवढी, हिरवीगार.
त्याच्याकडे पाऊस जास्त पडतो.

२४ सप्टेंबर
काल तीन तास मुसळधार. आमचा बांध दोन ठिकाणी फुटला. पाणी तांबडं होऊन वाहत होतं. धोंडुबाई म्हणाली, हरळी काढली म्हणून फुटला. म्हटलं, बांध मातीचा असतो, गवताचा नव्हे. तिने आपल्या बांधावरचा हरळीचा एक झुबका उपटून माझ्यापुढे धरला. मुळांना शेरभर माती. दोनदा झटकला, तरी पडेना.
मला काम होतं. मी घरात आले.

१५ ऑक्टोबर
बाजरी काढून शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरला. पाभर जागोजाग मुरमावर खरवडते. चिंतामणला लिहिलं: प्रगती समाधानकारक, काळजी नसावी.

१२ डिसेंबर
शाळू विरळ. उगवला तोही वीतभर होऊन वाळतो आहे. बी खराब. हवा खराब. कोंडीबाची नजर खराब.
दुपारी वावरात बसले. मूठभर माती घेतली तर बोटांतून वाळूसारखी निसटली. वडील पेरणीच्या दिवशी हीच माती आमच्या कपाळाला लावायचे. तेव्हा ती चिकटून राहायची, पुसली तरी डाग राही.
ऊन फार होतं. डोळ्यांना पाणी आलं.

३ फेब्रुवारी १९४५
चिंतामण आला. शेतात एक फेरी मारली. मी सायन्स समजावून सांगत होते. मध्येच म्हणाला, "अक्का, ट्रंक भरून घे. मोटार उद्या दुपारची."

४ फेब्रुवारी
कोंडीबाच्या हवाली केलं त्याची नोंद. कुऱ्हाडी दोन. कुदळ एक. गोठ्याची किल्ली एक. जमीन सात एकर, झाडं, माती, दगडांसह.
शेवटचं कलम चिंतामणने वकिली थाटात सांगितलं, मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. कोंडीबाने हात वर केला. "झाडं खोडा, बाई. येक न्हाई ऱ्हायलं." खोडलं. "माती बी खोडा. ती आमच्याकडं कवाच आलीया. आमच्या बांधाला आडून बसलीया."
चिंतामण माझ्याकडे बघत नव्हता. खोडलं.
उरलं: जमीन सात एकर, दगडांसह. कोंडीबाने अंगठा दिला.