साडूची जिरवायची आहे

१८ ऑगस्ट, सोमवार
अभिनयाच्या क्लासला नाव घातलं. रोज सहा ते आठ. शिकवणारे यादोराव सर, झाडीपट्टीच्या नाटकांत तीस वर्षं काढलेले. दुलारीने विचारलं, पन्नाशीत हे काऊन सुचलं? छंद म्हणून, असं बायकोला सांगितलं. खरं कारण फक्त इथे लिहितो. सूड! मागच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, सासुरवाडीला कामठ्याला सासऱ्यांनी धाकटा जावई खुमेंद्रला स्टेजवर खुर्ची दिली आणि मला गाड्या नीट लावून घ्यायला उभं केलं. थोरला जावई मी! यंदा मंडईत आमच्या क्लासचं नाटक कामठ्यालाच आहे. मेन रोल माझा. मी वर, सासरे खाली.

२५ ऑगस्ट
खुमेंद्रने पण क्लास लावला. माझंच पाहून. टायरचं दुकान सांभाळावं, तर निघाले नट व्हायला.

९ सप्टेंबर
रोल वाटले. बापाचा मेन रोल खुमेंद्रला. मी प्रॉम्प्टर. स्टेजपुढच्या खड्ड्यात बसून नटांना वाक्यं पुरवायची. सर म्हणाले, तुमचं वाचन स्वच्छ आहे. म्हणजे टॅलेंट त्यांनीही मान्य केलं. घरी सांगितल्यावर दुलारी हसली नाही. मला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

१० सप्टेंबर, पहाटे ५
झोप नाही. पण प्लॅन सापडला. आमच्याकडचा नट प्रॉम्प्टरच्या जिवावर उभा असतो, आणि खुमेंद्रचं पाठांतर तर शून्य. म्हणजे त्याची शेंडी माझ्या हातात! शेवटच्या कोर्ट सीनमध्ये मी गप्प बसणार. तो अडकला की स्टेजवर उडी मारून डायलॉग मीच पूर्ण करणार. कुणाला सांगायचं नाही.

३ ऑक्टोबर
तयारी जोरात. आंघोळीला, जेवताना, झोपताना एकच: "न्यायाधीश साहेब! गुन्हा माझा, शिक्षाही माझी! पण माझ्या पोरीचं नाव या कोर्टात कुणी घेऊ नका!" गुंजन ताट घेऊन अंगणात जेवते. बापाच्या तोंडी पोरीसाठी एवढा डायलॉग, आणि पोरगी अंगणात. दुलारी म्हणाली, पोळ्या लाटतानाबी कानात तेच वाजून राहिलं. इम्पॅक्ट होतोय.

१९ ऑक्टोबर
उडीची प्रॅक्टिस, पलंगावरून. गुडघ्याने दगा दिला. पण पलंग जरा जास्तच उंच आहे. उद्यापासून पाटावरून.

७ नोव्हेंबर, दुपारी ४, कामठा
मंडई भरली. सासऱ्यांनी विचारलं, जावईबापू, तुमची जागा कुठं? खड्ड्यात, म्हणालो. हसा आज. खुमेंद्र पाया पडला. म्हणाला, दादा, तुमच्याच भरवशावर उभा होऊन राहिलो. दया आली. अर्धं मिनिट टिकली.

८ नोव्हेंबर, सकाळी
कोर्ट सीन आला. खुमेंद्र "न्यायाधीश साहेब!" म्हणून थांबला. मी वही मिटली. त्याने खाली पाहिलं, मी आभाळाकडे. सगळी मंडई चिडीचूप. आयुष्यात एवढा आनंद झाला नव्हता. उडीसाठी उठलो आणि गुडघा जागीच धरला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून दुलारी उभी राहिली आणि ओरडली, "गुन्हा माझा! शिक्षाही माझी!" लोकांना वाटलं, ही नाटकातलीच. शिट्ट्याच शिट्ट्या. खुमेंद्रने तिच्याकडे हात करून पुढचं पूर्ण केलं. सासरे रडले. मला पेटीवाल्याने आणि पडदेवाल्या टिंकूने खड्ड्यातून उचलून काढलं.
परतताना दुलारी म्हणाली, तुमचा चष्मा पडला असंन वाटलं. लोकं तुमाले नावं ठेवतीन म्हणून उठली. चष्मा नाकावरच होता.

१७ नोव्हेंबर
यादोराव सरांनी दुलारीला क्लासमध्ये घेतलं. पुढच्या नाटकात मेन रोल तिचा. मोठ्या मनाने मी पुन्हा प्रॉम्प्टिंगला तयार झालो. (प्लॅन नंबर दोन डोक्यात आहे.) दुलारी म्हणाली, तुमी कायले येता? मले सारं पाठ होते. गुडघा शेका.
सहा वाजले. खुमेंद्र तिला गाडीवर घेऊन गेला. जाताना भात टाकायला सांगून गेली. तांदूळ किती घ्यायचा, पाणी किती, काही आठवेना. गुंजनला हाक मारली. ती पण क्लासला गेली.