आरशांवर पट्टी

जय भीम बाबा,

काल मी इथं चेन्नईजवळच्या रेस ट्रॅकवर माही मोटरसायकल चालवली. भेऊ नोका, ट्रॅकवर समोरून ट्रक येत नाही, अन् आम्हा नवशिक्यांचा गट वेगळा असते.

पहिल्याच फेरीत मागून आवाज आला अन् मी, तुम्ही लाखनीच्या हायवेवर शिकवलं तसं, बाजूले होऊन हात दाखवला. शिकवणारे सर लय बिगडले. म्हणे, इथं हात वर केला म्हणजे गाडी बिघडली. तू तुही लाइन सोडू नको, मागचा त्याचं पाहून घेईन. मागं पाहूच नये म्हणून त्यायनं आरशांवर तर आधीच पट्टी चिकटवली होती.

तरी मान मागंच वळे. त्यातच एकदा गाडी घसरली, पण अंगात चामड्याचा सूट होता, गुडघा फक्त निळा झाला. आईले एवढंच सांगा का पोरगी पोटभर जेवते. तिची शुगर तपासली काय?

शेवटच्या फेऱ्यांत मान नाही वळली. तिघं पुढं गेले, पण मले वळसा घालून गेले, मी लाइन सोडली नाही. सरनं विचारलं, गाडी कोणी शिकवली? मी म्हटलं, माह्या बापानं.

घरी आली का ट्रकले साइड देईन, बाबा. इथं कोणालेच नाही देत.

तुमची हर्षा